साडेतीनशे किलोची मॉरेटेनिया

मॉरेटेनिया हे जहाज ७९० फूट लांब होतं आणि सगळी तयारी करून समुद्रावर निघताना त्याचं वजन सुमारे ३८,००० टन भरायचं. आता समजा, कुणी या जहाजाचं ४८ पट लहान मॉडेल बनवलं आणि ते पाण्यात सोडलं. खरं जहाज जितकं बुडायचं त्याच रेषेपर्यंत हे मॉडेलही बुडायला हवं असेल, तर त्याचं वजन किती हवं? बहुतेक जण ३८,००० ला ४८ नं भागतात आणि आठशे टनांपाशी येऊन थांबतात. पण पाच मीटर लांबीची वस्तू आठशे टनांची कशी असेल? बरोबर उत्तर आहे साडेतीनशे किलो.

हा फरक एकदा नीट समजला की संग्रहालयातल्या काचेच्या पेटीतलं जहाज वेगळं दिसायला लागतं. आपण त्याच्यापुढे उभे राहतो, ‘काय सुरेख काम आहे’ म्हणतो आणि पुढे सरकतो. काम सुरेख असतंच. पण या मोठ्या आगबोटींच्या काळात मॉडेल म्हणजे नुसती शोभेची वस्तू नव्हती. एकाच जहाजाची अनेक मॉडेलं बनायची, वेगवेगळ्या माणसांसाठी, आणि प्रत्येक मॉडेल एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्माला यायचं. पेटीतलं मॉडेल कुणाच्या प्रश्नासाठी बनलं होतं, हे कळलं की त्यात काय पाहायचं तेही कळतं.

उदाहरणासाठी मॉरेटेनियाच घेऊ, कारण या जहाजाच्या आयुष्यात जवळजवळ सगळ्या जातींची मॉडेलं येऊन गेली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीकाठी वॉल्सएंड इथल्या स्वॅन हंटर अँड विगम रिचर्डसन या कारखान्यानं क्युनार्ड कंपनीसाठी हे जहाज बांधलं. २० सप्टेंबर १९०६ ला ते पाण्यात उतरलं आणि नोव्हेंबर १९०७ मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पहिल्या सफरीवर निघालं. त्याच्या जुळ्या बहिणीचं नाव लुसिटानिया. अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत जर्मन जहाजं पुढे गेली होती आणि ते ब्रिटिश सरकारला खुपत होतं. म्हणून या दोन जहाजांसाठी सरकारनं क्युनार्डला २६ लाख पौंडांचं कर्ज दिलं. कंपनीला सरकारनं घातलेली अट साधी होती: जहाज वेगवान हवं, युद्ध झालं तर सरकारच्या उपयोगी पडेल असं हवं. एवढं मोठं आणि एवढं वेगवान जहाज तोवर कुणी बांधलेलंच नव्हतं. मग ते बांधण्याआधी ते पळेल याची खात्री कशी करायची?

इथे पुन्हा साडेतीनशे किलोंकडे यावं लागतं.

कोणतीही वस्तू ४८ पट लहान केली की तिची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४८ पट घटते. पण पृष्ठभाग म्हणजे लांबी गुणिले रुंदी, म्हणून तो ४८ गुणिले ४८, म्हणजे २,३०४ पट घटतो. आणि आकारमान, त्याच्याबरोबर वजन, ४८ ला तीनदा घेऊन, म्हणजे १,१०,५९२ पट घटतं. ३८,००० टनांना या आकड्यानं भागा, साडेतीनशे किलो मिळतात. लांबी एका दरानं कमी होते, पृष्ठभाग दुसऱ्या, वजन तिसऱ्या. त्यामुळे मॉडेल दिसायला जहाजासारखं असलं तरी वागायला जहाजासारखं नसतं.

हाच हिशेब उलटा फिरवून इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरनं १८५० च्या दशकात ग्रेट ईस्टर्न हे अवाढव्य जहाज रेखलं होतं. त्याचा युक्तिवाद असा: जहाजाला पाण्याचा विरोध होतो तो मुख्यतः पृष्ठभागाच्या प्रमाणात, पण जहाजात कोळसा मावतो तो आकारमानाच्या प्रमाणात. म्हणजे जहाज जितकं मोठं तितका कोळसा विरोधाच्या मानानं जास्त नेता येतो. पुरेसं मोठं जहाज बांधलं तर वाटेत कुठेही कोळसा न भरता ऑस्ट्रेलिया गाठता येईल. हिशेब बरोबर होता, धंदा मात्र बसला नाही. ६९२ फुटांचं ते जहाज प्रवासी जहाज म्हणून कधीच चाललं नाही. त्याला खरं काम मिळालं ते समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याचं. दुसरं कुठलंच जहाज एवढी केबल पोटात घेऊ शकत नव्हतं. १८७० मध्ये मुंबई ते एडन ही केबल ग्रेट ईस्टर्ननंच टाकली, आणि त्या कामासाठी ते मुंबईच्या बंदरात येऊन गेलं.

ग्रेट ईस्टर्न लाटांवर किती डोलेल, हे आधी सांगता येईल का, असं ब्रुनेलनं आपला जुना सहकारी विल्यम फ्राउड याला विचारलं होतं. फ्राउड त्या प्रश्नात असा अडकला की पुढचं आयुष्य त्यानं जहाजांच्या मॉडेलांवरच घालवलं. लहान मॉडेल पाण्यात ओढून मोठ्या जहाजाचं भाकीत करता येईल, असं तो म्हणू लागला तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. ग्रेट ईस्टर्न ज्याच्या कारखान्यात बांधलं गेलं त्या जॉन स्कॉट रसेलनं तर भर सभेत, असे छोटे छोटे सुंदर प्रयोग करून फ्राउडना अपार आनंद मिळेल, पण मोठ्या जहाजांशी त्याचा काही संबंध नसेल, अशा अर्थाचं सुनावलं. रसेल मूर्ख नव्हता. तोवर मॉडेलांवरून काढलेली भाकितं खरोखरच चुकत आली होती.

चूक कुठे होत होती? मॉडेल किती वेगानं ओढायचं, इथे. जहाज चालताना पाणी ढकलतं आणि लाटा उठवतं. त्या लाटा उठवण्यात इंजिनाची बरीच ताकद जाते. लाटेचा वेग आणि तिची लांबी यांचं नातं गुरुत्वाकर्षण ठरवतं, आणि ते वर्गमुळाचं नातं आहे: चौपट लांब लाट दुप्पट वेगानं धावते. आता कारागीर जहाज ४८ पट लहान करू शकतो, पण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण ४८ पट लहान करू शकत नाही. ते आहे तेवढंच राहतं. म्हणून मॉडेलभोवती खऱ्या जहाजासारख्याच लाटा, त्याच जागी, त्याच प्रमाणात उठाव्यात असं वाटत असेल, तर वेग ४८ पट नव्हे, ४८ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण सात पट कमी करावा लागतो. मॉरेटेनियाचा २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल) वेग मॉडेलसाठी साडेतीन नॉटच्या थोडा वर येतो. झपझप चालणारा माणूस काठावरून त्याच्याबरोबर चालू शकेल.

ताकदीचं गणित तर याहून गंमतशीर आहे. मॉरेटेनियाची टर्बाइन, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारी इंजिनं, सुमारे ७०,००० अश्वशक्ती देत. फ्राउडच्या नियमानं हिशेब केला तर ४८ पट लहान मॉडेल त्याच्या योग्य वेगानं पळवायला सत्तर वॉटसुद्धा लागत नाहीत. आपल्या घरातला छताचा पंखा जेवढी वीज खातो साधारण तेवढ्यात काम भागतं. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त लागेल, पण आकड्याची जात तीच.

आणि घर्षण हीच फ्राउडपुढची दुसरी अडचण होती. पाणी जहाजाच्या अंगाला घासतं तो विरोध लाटांच्या नियमानं चालत नाही, कारण पाण्याचा चिकटपणाही लहान करता येत नाही. त्यानं तोड काढली ती अशी की दोन्ही विरोध वेगळे केले. नुसत्या सपाट फळ्या पाण्यात ओढून वेगवेगळ्या लांबीच्या पृष्ठभागाला किती घर्षण होतं ते मोजलं. मग मॉडेलच्या एकूण विरोधातून घर्षणाचा वाटा वजा केला, उरलेला लाटांचा वाटा आपल्या नियमानं मोठा केला आणि त्यात खऱ्या जहाजाचं घर्षण मिळवलं. ब्रिटिश नौदलानं दिलेल्या पैशातून इंग्लंडमधल्या टॉर्की इथे त्याची लांबलचक टाकी १८७२ मध्ये सुरू झाली. ग्रेहाउंड नावाचं खरंखुरं जहाज दुसऱ्या जहाजामागे बांधून ओढून पाहिलं, तेव्हा आकडे जुळले. रसेलची शंका तिथे संपली.

फ्राउड मॉडेल मेणाची करायचा. मेण कापायला सोपं, आकार बदलायचा तर खरवडायचं, काम झालं की वितळवून पुढच्या जहाजाला वापरायचं. साहजिकच यातली फारच थोडी मॉडेलं उरली. म्हणजे जहाजाच्या इतिहासात ज्या मॉडेलनं सर्वांत महत्त्वाचं काम केलं ते बहुधा संग्रहालयात नसतंच. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला १८८३ साली बांधलेली डेनी कारखान्याची टाकी मात्र अजून आहे, आता ती संग्रहालयाचा भाग आहे. कधी तिकडे गेलात तर पेटीतल्या चकचकीत जहाजांपेक्षा आधी ती बघा, असं मी म्हणेन.

(जुन्या चित्रपटांतली बुडणारी जहाजं खोटी का वाटतात, याचं उत्तरही इथेच आहे. मॉडेल कितीही हुबेहूब असलं तरी ते फार पटापट हेलकावतं. २० सेकंदांचा हेलकावा ४८ पट लहान मॉडेलमध्ये तीन सेकंदांत उरकतो. म्हणून चित्रीकरण सात पट वेगानं करून ते सावकाश दाखवावं लागतं. तरीही पाण्याचे थेंब दगा देतात, कारण थेंब लहान होत नाहीत. मॉडेलच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उडालेला थेंब मोजमापात कलिंगडाएवढा होऊन बसतो.)

मॉरेटेनियाकडे परत येऊ. मेणाचं मॉडेल दोरीनं किंवा गाड्यानं ओढलं जातं. त्यातून जहाजाच्या अंगाचा विरोध कळतो, पण जहाज तर स्वतःच्या पंख्यांनी, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या प्रोपेलरनी, चालणार. मॉरेटेनियाला चार पंखे बसायचे होते. ते एकमेकांपासून किती दूर ठेवायचे, कुठल्या दिशेनं फिरवायचे, मागच्या भागाचा आकार कसा ठेवला तर पंख्यांना पाणी नीट मिळेल, हे सगळे प्रश्न होते. म्हणून कारखान्यानं एक भन्नाट गोष्ट केली. त्यांनी जहाजाचं सोळा पट लहान मॉडेल बांधलं. सोळा पट लहान म्हणजे साडेसत्तेचाळीस फूट लांब! आत विजेच्या मोटारी, मागे चार पंखे, आणि आत माणसं बसवून चालवायची सोय. नॉर्थंबरलंड डॉकमध्ये ही लाँच फिरवून मोजमापं घेतली गेली. तिचा हिशेब करून बघा: सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून २५ नॉटच्या जागी सव्वासहा नॉट. वजन सुमारे नऊ टन. आणि ७०,००० अश्वशक्तीच्या जागी चार-साडेचार. मला या सगळ्या कहाणीत हीच लाँच सर्वांत आवडते. तिला मॉडेल म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ती आपल्याकडच्या कितीतरी मासेमारी होड्यांपेक्षा मोठी होती.

पंख्यांबद्दल एवढी काळजी घेण्याचं कारण दहा वर्षं आधी टाइनवरच घडलं होतं. चार्ल्स पार्सन्स यानं वाफेचं टर्बाइन बनवलं आणि ते दाखवायला टर्बिनिया ही निमुळती छोटी बोट बांधली. इंजिन जबरदस्त होतं, पण बोट अपेक्षेइतकी पळेना. पंखा एवढ्या वेगानं फिरत होता की त्याच्या पात्यांमागचा दाब कमी होऊन तिथलं पाणी थंडच्या थंड उकळत होतं, म्हणजे वाफेचे बुडबुडे होत होते, आणि पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होता. हे डोळ्यांनी पाहायचं तर छोट्या टाकीत छोटा पंखा फिरवावा लागणार. पण तिथेही तीच अडचण: हवेचा दाब काही लहान होत नाही, त्यामुळे छोट्या पंख्याभोवती बुडबुडे होतच नाहीत. पार्सन्सनं १८९५ मध्ये टाकीतलं पाणीच जवळजवळ उकळीपर्यंत तापवलं. तापलेलं पाणी दाब जरासा कमी झाला तरी उकळतं. मग त्यानं पंख्यावर लुकलुकता प्रकाश पाडला आणि फिरणाऱ्या पात्यांवरचे बुडबुडे त्याला स्थिर दिसले. लहान न होणाऱ्या गोष्टीला त्यानं असा वळसा घातला. ती तांब्याची टाकी न्यूकॅसल विद्यापीठात जपून ठेवली आहे, आणि टर्बिनिया स्वतः त्याच शहरातल्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये उभी आहे. उपाय म्हणून पंखा फिरवणाऱ्या एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि त्यांवर नऊ पंखे बसवल्यावर टर्बिनिया १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात सगळ्या युद्धनौकांच्या मधून भरधाव पळाली. पुढे दहा वर्षांत तेच तंत्र मॉरेटेनियाच्या पोटात गेलं.

आता काचेच्या पेटीतलं मॉडेल.

याला बिल्डर्स मॉडेल म्हणतात, म्हणजे जहाज बांधणाऱ्या कारखान्यानं स्वतः बनवलेलं. त्याचा प्रश्न इंजिनिअरचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. जहाज अजून सांगाड्यात असतं, कंपनीच्या संचालकांना लाखो पौंड कशावर खर्च होताहेत ते बघायचं असतं. नंतर तेच मॉडेल प्रदर्शनात जातं, तिकीट विकणाऱ्या कचेरीत जातं, आणि प्रवासी त्याच्याकडे बघून आपली खोली कुठे असेल याचा अंदाज बांधतो. विमानाआधीच्या काळात हीच जाहिरात होती, आणि ती नेहमी खरं बोलते असं नाही.

४८ हा आकडा कुठून आला? फुटात बारा इंच, आणि पाव इंचाला एक फूट धरला की ४८ पट होतात. कारखान्याचे नकाशेही बहुधा याच मापात काढलेले असत, त्यामुळे कारागीर थेट नकाशावरून माप उचलू शकायचा. या मापात मॉरेटेनिया साडेसोळा फुटांची होते आणि साडेपाच फुटी माणूस साडेतीन सेंटिमीटरचा. फूटभर व्यासाची गोल खिडकी सहा मिलिमीटरची. सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मार्सेलिसला मोरिया बोटीच्या ज्या पोर्टहोलमधून उडी टाकली, तसलं पोर्टहोल अशा मॉडेलवर शोधायचं तर डोळे बारीक करावे लागतात.

अंग बनवायचं ते पाइनच्या फळ्या एकावर एक चिकटवून. प्रत्येक फळी नकाशातल्या एकेका आडव्या रेषेच्या आकारात कापलेली असते. मग कडा तासून, आतून पोकळ करून, रंगाचे थरावर थर देऊन घासत राहायचं. पोकळ करण्यामागे वजनाचा विचार असतोच, पण भरीव लाकूड पुढे तडकतं हेही कारण असतं. काही मॉडेलं तर अर्धीच असतात, उभी कापल्यासारखी, आणि मागे आरसा लावलेला. आरशात दुसरी बाजू पूर्ण होते आणि निम्म्या खर्चात अख्खं जहाज दिसतं. जहाज बांधणारे लोक हिशेबी होते.

डेकवरच्या वस्तूंकडे नीट बघितलंत तर एक गोष्ट खटकेल. यारी, नांगराची चाकं, कठड्यांचे खांब सोन्यासारखे किंवा चांदीसारखे चमकत असतात. खऱ्या जहाजावर या वस्तू रंगवलेल्या लोखंडाच्या. मॉडेलवर त्यांना सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देत, कारण पितळ काळं पडतं आणि पेटी उघडून सारखं घासणं शक्य नसतं. शिवाय कचेरीच्या दिव्यात ते झळकतंही. त्यामुळे बिल्डर्स मॉडेल ओळखायची ही एक सोपी खूण आहे. उलट, जहाजाच्या पत्र्यांना जोडणारे सुमारे ४० लाख रिव्हेट तुम्हाला कुठेच दिसणार नाहीत. अंग आरशासारखं गुळगुळीत असतं. खरी मॉरेटेनिया कधीच तशी नव्हती.

मॉरेटेनिया आणि लुसिटानिया यांतली कुठली, हे ओळखायचं तर धुराडी मोजून उपयोग नाही, दोघींना चारच. वरच्या डेकवरची हवेची नळकांडी बघा. मॉरेटेनियावर मोठमोठी, तोंड वाकवलेली, कर्ण्यासारखी उभी आहेत. लुसिटानियावर बुटकी, झाकण असलेली. चारही धुराडी खरी धुराची होती हेही सांगून टाकतो, कारण टायटॅनिकचं चौथं धुराडं मुख्यतः हवा खेळवायला होतं आणि लोक सगळ्याच चार धुराड्यांच्या जहाजांवर तो शेरा मारतात.

त्या कर्ण्यांच्या खाली काय होतं ते मॉडेल दाखवत नाही. खाली २५ बॉयलर आणि १९२ भट्ट्या होत्या. दिवसाला सुमारे हजार टन कोळसा त्यात जायचा, आणि तो यंत्रानं नव्हे, फावड्यानं. तीनशेहून जास्त माणसं पाळ्या लावून कोळसा वाहायची, भट्टीत टाकायची, राख काढायची. वरच्या डेकवर फिरणाऱ्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला त्यांचं तोंड कधी दिसलं नसेल. मॉडेलचे दर्शनी मजले त्याच प्रवाशासाठी नटवलेले असतात. अकराशेहून जास्त तिसऱ्या वर्गाचे प्रवासी, ज्यांतले बरेच अमेरिकेत कायमचे राहायला निघालेले असायचे, ते बाहेरच्या अंगावरच्या गोल खिडक्यांच्या एका ओळीपुरते उरतात. आपल्या मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींबद्दलही हेच म्हणता येईल. त्यांच्या डेकवर कोकणातले खलाशी असायचे, जेवणघरात गोव्याचे वाढपी, भट्टीपाशी पंजाबकडचे आगवाले. त्या बोटींची मॉडेलं बघताना रत्नागिरीच्या माणसानं तरी ही भर मनानं घालायला हरकत नाही.

मॉडेलचा आणखी एक उपयोग पहिल्या महायुद्धात निघाला, आणि तो अजबच होता. जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजं बुडवत होत्या. समुद्रात जहाज लपवणं अशक्य, धूर तर दुरूनच दिसतो. नॉर्मन विल्किन्सन या चित्रकारानं १९१७ मध्ये वेगळीच कल्पना मांडली: जहाज लपवू नका, शत्रूचा अंदाज चुकवा. पाणबुडीतून टॉर्पेडो सोडताना जहाज आत्ता कुठे आहे त्यापेक्षा ते कुठल्या दिशेला आणि किती वेगानं चाललंय हे ओळखावं लागतं. अंगभर वेडेवाकडे पट्टे, तिरके त्रिकोण, खोट्या कडा रंगवल्या तर नाळ कुठली, मागची बाजू कुठली, हेच पटकन कळत नाही. याला डॅझल रंगसंगती म्हणतात. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याचं कार्यालय थाटलं गेलं. तिथे लाकडी छोटी मॉडेलं रंगवायची, ती फिरत्या चकतीवर ठेवायची आणि पेरिस्कोपमधून बघून दिशा ओळखायला सांगायचं. बघणारा जितका जास्त चुकेल तितकी रंगसंगती चांगली. रंगवणाऱ्यांत बऱ्याच बायका होत्या. मॉरेटेनियाही १९१८ मध्ये असे चट्टेपट्टे अंगावर घेऊन अमेरिकन सैनिकांची ने-आण करत होती. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये अशी पुष्कळ मॉडेलं आहेत. त्यांच्यावर ना दोर आहेत ना कठडे, नुसते रंगवलेले ठोकळे. चकाकणाऱ्या बिल्डर्स मॉडेलशेजारी ती गरीब दिसतात, पण ती ज्या प्रश्नासाठी होती त्यासाठी एवढंच पुरेसं होतं.

सप्टेंबर १९०९ मध्ये मॉरेटेनियानं अटलांटिक ओलांडण्याचा जो विक्रम केला तो १९२९ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. वीस वर्षं! शेवटी ब्रेमेन या जर्मन जहाजानं तो मोडला. १९३५ मध्ये मॉरेटेनिया मोडीत निघाली. तिच्यावर जीव असणाऱ्यांत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टही होते, आणि त्यांना जहाजांची मॉडेलं जमवायचा नाद होता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातलं मॉरेटेनियाचं मॉडेल त्यांच्यामार्फतच तिथे आलं.

जहाज गेलं, मॉडेल उरलं, म्हणजे ते सुरक्षित झालं असं मात्र समजू नका. छोटे छोटे भाग, नांगर, हवेची नळकांडी, होड्या टांगायचे आकडे, बऱ्याचदा शिशाचे ओतलेले असतात. आणि पेटी असते लाकडाची, पुष्कळदा ओकची, कारण ओक भारदस्त दिसतो. ओक हळूहळू ॲसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतो. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. बंद पेटीत ती वाफ साठते आणि शिशाला खाते. शिशावर पांढरी पूड येते, ती फुगते, वरचा रंग फोडून बाहेर पडते, आणि शेवटी नांगराच्या जागी पांढरी भुकटी उरते. खाल्लेलं शिसं परत मिळत नाही. धूळ लागू नये म्हणून बांधलेली पेटीच मॉडेलला खाते, हे कळायला संग्रहालयांना वेळ लागला. आता पेट्या धातू आणि काचेच्या करतात, आतली हवा शोषक कोळशानं स्वच्छ ठेवतात, आणि प्लायवूड, गोंद, रंग यांची आधी चाचणी घेतात. दोरांचं दुखणं वेगळंच: हवेतला ओलावा वाढला-घटला की ते ताणतात, सैल पडतात, आणि नाजूक डोलकाठी वाकवतात.

एक शेवटची गोष्ट, मॉडेलवर किती भरवसा ठेवायचा याबद्दल. बिल्डर्स मॉडेल बऱ्याचदा जहाज पुरं होण्याआधी, नकाशांवरून बनतं. त्यामुळे ते दाखवतं ते जहाज कसं करायचं ठरलं होतं. बांधताना आणि नंतर बदल होतच राहतात, आणि कंपनी मॉडेलही कधी बदलून घेते, कधी नाही. म्हणून अभ्यासक मॉडेल आणि जुने फोटो शेजारी ठेवून तपासतात. मॉरेटेनियाच्या बाबतीत तपासायला सोपी जागा मागच्या बाजूला, पाण्याखालच्या भागात आहे. जहाज आलं तेव्हा पंख्यांना तीन-तीन पाती होती. मागचा भाग फार थरथरत होता आणि एका सफरीत एका पंख्याचं पातं निखळलंही होतं. पुढे तिला चार पात्यांचे पंखे बसले आणि १९०९ चा तो विक्रम त्यानंतरचा. तेव्हा पेटीपुढे उभे राहिलात की खाली वाका आणि पाती मोजा. एकाही पंख्याला चौथं पातं नसेल तर ते मॉडेल सुरुवातीच्या नकाशातलं जहाज दाखवतंय. चार दिसली तर ते नंतर बनलंय, नाहीतर त्यावर नंतर कुणीतरी हात फिरवलाय.